गिटारचा अँप घूं-घूं का करतो?

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी-तबल्याच्या शेजारी आता गिटारही दिसू लागली आहे. गोव्याला गिटार नवी नाही. मांडोच्या साथीला व्हायोलिन आणि घुमटाबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. मात्र ती पोकळ लाकडाची, बिनविजेची गिटार. विजेवरची गिटार घरी आली की तिच्या पाठोपाठ अँप येतो, आणि अँपचे बटण दाबले की कोणी तारेला हात लावण्याआधीच खर्जातली एक घूं सुरू होते. साउंडवाले तिला 'हमिंग' म्हणतात.

या हमिंगविषयी मुद्दाम लिहीत आहोत, याला कारण आहे. ती बंद करण्याचा एक सोपा उपाय सर्रास सांगितला जातो. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका, नाहीतर दोन पिनांचा अडॅप्टर लावा. त्याने पुष्कळदा घूं खरोखरच थांबते. आणि त्याच उपायाने माणूस मरू शकतो. घूं कुठून येते हे शोधायची रीत ठाऊक असेल तर या उपायाकडे वळण्याची पाळीच येत नाही. ही रीत विद्यार्थ्यांनी शिकावी, पालकांनी पाहावी आणि शेवटचा भाग विश्वस्तांनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

घूं कोणत्या सुरात आहे?

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची असते. म्हणजे तिची लाट एका सेकंदात ५० वेळा वर जाऊन खाली येते. भिंतीतल्या वायरी, पंखा, ट्यूबलाइटचा चोक या सर्वांभोवती त्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते. आता गिटारचा पिकअप पाहा. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत किंचितशी वीज निर्माण होते आणि अँप ती कित्येक पटींनी मोठी करतो. पिकअपला फक्त चुंबकीय बदल कळतो. तो बदल तारेने केला की पंख्याने, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

अँपच्या आत मात्र ही वीज जशीच्या तशी चालत नाही. तिची डी.सी. करावी लागते. त्यासाठी रेक्टिफायर लाटेचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणतो. त्यामुळे सेकंदाला ५० लाटांच्या जागी १०० उंचवटे तयार होतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या अँपच्या पॉवर सप्लायमध्ये बिघाड असला तर घूं बहुधा १०० हर्ट्‌झची असते, आणि बाहेरून पिकअपमध्ये किंवा केबलमध्ये शिरलेली घूं मुळात ५० हर्ट्‌झची असते.

हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही. गिटारच हाताशी आहे. बरोबर लावलेल्या गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२.४ हर्ट्‌झचा ई मिळतो. तीच तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की ९८ हर्ट्‌झचा जी. अँपची घूं या जीपेक्षा अगदी केसभर चढी वाटली तर ती १०० हर्ट्‌झची समजावी. त्याच्या सप्तकभर खाली वाटली तर ५० ची. पेटीवर सूर लावून गाणाऱ्या मुलांना हे चटकन जमेल, कदाचित गिटारवाल्यांपेक्षाही लवकर. एक अडचण सांगून ठेवतो. आठ इंचांच्या लहान स्पीकरला ५० हर्ट्‌झ धड वाजवता येत नाही, त्यामुळे ५० च्या घूंचेही वरचे सूरच अधिक ऐकू येतात आणि कान फसू शकतो. तेव्हा कानाचा निकाल हा अंदाज समजावा. खरा निकाल पुढच्या चाचण्यांनी लागतो.

गोल, गंभीर घूंऐवजी बोचरी झर्र येत असेल तर ती आणखी निराळी. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, रंगमंचावरच्या दिव्यांचे डिमर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे यांचा हा प्रताप असतो. असा रेग्युलेटर विजेची लाट मध्येच तोडतो, त्या तोडण्याचा खरखरीत आवाज पिकअपमध्ये उतरतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवून किंवा बंद करून पाहिले की लगेच उलगडा होतो. आणि सुपात धान्य पाखडल्यासारखी बारीक स्स्स असेल तर तिला हमिंग म्हणत नाहीत. ती थोडीफार प्रत्येक अँपमध्ये असतेच. तिच्या मागे लागू नये.

एकेक वस्तू बाजूला काढा

दोष शोधण्याचा एकच नियम आहे: एका वेळी एकच बदल करावा आणि ऐकावे. उत्साही मंडळी एकाच दमात केबल बदलतात, सॉकेट बदलतात, गिटार बदलतात. घूं थांबली तरी ती कशाने थांबली हे मग कुणालाच कळत नाही.

सुरुवात अँपपासून करावी. गिटार, पेडल, सर्व काढून ठेवा. इनपुटमध्ये काहीही नको. व्हॉल्यूम शून्यावर न्या. आता घूं येत असेल, आणि स्पष्ट येत असेल, तर गिटार व केबल दोन्ही निर्दोष आहेत. दोष अँपच्या आत, बहुधा पॉवर सप्लायमध्ये आहे. येथे एक गोष्ट तपासावी. कान स्पीकरजवळ नेऊन ऐका, मग अँपच्या मागच्या बाजूला ऐका. आवाज स्पीकरमधून येत नसून आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून येत असेल तर तो यांत्रिक कंप आहे. सैल स्क्रू किंवा सैल पत्रे हे त्याचे कारण असू शकते.

व्हॉल्यूम शून्यावर शांतता असेल तर तो हळूहळू वाढवा. बहुतेक अँपचा इनपुट जॅक रिकामा असला की आतून आपोआप अर्थला जोडला जातो, म्हणून अजूनही बऱ्यापैकी शांतता राहायला हवी. वाढवल्यावर घूंही वाढली तर दोष अँपच्या पहिल्या टप्प्यांत किंवा त्या जॅकमध्ये आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत जॅकच्या पट्ट्यांवर गंज चढायला एक पावसाळा पुरतो. अँप बंद करून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला तरी पुष्कळदा संपर्क सुधारतो. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. तोही अँपचा प्लग भिंतीतून काढूनच मारावा, आणि फवारा वाळल्याशिवाय अँप सुरू करू नये.

नुसती केबल अँपला जोडून तिचे दुसरे टोक मोकळे ठेवले तर मोठी घूं येते. हे पाहून मुले घाबरतात, पण यात बिघाड काहीच नाही. मोकळ्या टोकाची केबल अँटेनासारखी वागते. तिला गिटार जोडून, गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणून मग ऐकावे. आता शांतता हवी. येथे जोराची घूं आली तर केबलवर संशय घ्यावा. आमच्या मते दहातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ येथेच असावे. गिटारच्या केबलमध्ये मधल्या तारेभोवती जाळीचे वेष्टन असते. बाहेरचा त्रास ते वेष्टन अर्थकडे वळवते. केबल कोपरावर गुंडाळून, पायाखाली तुडवून, वायरला धरून प्लग उपटून ही जाळी प्लगपाशी तुटते. मधली तार शाबूत असते, त्यामुळे गिटार वाजते, पण घूं घेऊन वाजते. प्लगचे टोपण फिरवून उघडा, डाग सुटलेला दिसेल. कावियाने पुन्हा सोल्डरिंग करणे नववी-दहावीच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली सहज येते. काही जण स्पीकरची साधी दोन तारांची वायर प्लग लावून गिटारला वापरतात. तिला जाळीच नसते, तिच्याकडून शांततेची अपेक्षा धरू नये.

शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि खोलीत उभ्या उभ्या हळूहळू गिरकी घ्या. एका दिशेला घूं कमी आणि दुसरीकडे जास्त होत असेल तर ती हवेतून पिकअपमध्ये येत आहे. एकाच गुंडाळीच्या पिकअपचा हा जन्मजात स्वभाव आहे. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून, ट्यूबलाइटपासून दूर उभे राहणे आणि शांत दिशा शोधून तिकडे तोंड करणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

ह्याच त्रासावर अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास एक सुंदर तोड काढली. त्यांनी एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी बसवल्या. दुसऱ्या गुंडाळीचे वेढे उलट दिशेने जोडले, आणि तिचे चुंबकही उलटे ठेवले. तारेच्या कंपासाठी दोन उलटे मिळून सुलटे होते, त्यामुळे तारेचा आवाज बेरीज होऊन येतो. ट्यूबलाइटला मात्र आतल्या चुंबकाशी देणेघेणे नाही. तिच्यासाठी एक गुंडाळी सुलटी आणि एक उलटी, म्हणजे वजाबाकी. घूं स्वतःलाच खाऊन टाकते. ह्या पिकअपला 'हमबकर' म्हणतात. गणितात ऋण गुणिले ऋण बरोबर धन का, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर द्यावे. तीन एकेरी पिकअप असलेल्या पुष्कळ गिटारींत मधला पिकअप असाच उलटा असतो. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या किंवा चौथ्या जागी गेल्यावर घूं एकदम कमी होते ती यामुळेच.

तारांना हात लावला की झर्र कमी होते, हेही ठीकच आहे. आपले शरीरसुद्धा विजेचा त्रास गोळा करते, आणि तारा अर्थला जोडलेल्या असल्यामुळे हात लावताच तो तिकडे जातो. पण तारांना किंवा माइकला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, बारीकसा झटका बसला, तर वाजवणे तिथेच थांबवावे. भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वायरमनला दाखवल्याशिवाय ते सुरू करू नये. मग ती पाहुणे येऊन बसलेली संध्याकाळ का असेना.

पेडल वापरणाऱ्यांसाठी एवढेच. पेडलला एलिमिनेटरऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी लावून पाहा. घूं गेली तर गुन्हेगार एलिमिनेटर. स्वस्त एलिमिनेटरमध्ये विजेचे उंचवटे नीट सपाट केलेले नसतात. 'नॉइज गेट' नावाचे पेडल घेण्याचा सल्लाही कोणी देईल. ते वाजवणे थांबल्यावर आवाज दाबते, वाजवताना घूं तशीच राहते. आधी केबल दुरुस्त करावी, मग पैसे खर्चावे.

टाकी आटली की

अँपच्या आत उंचवटे सपाट करण्याचे काम फिल्टर कपॅसिटर करतात. घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंपाचे पाणी हिसक्याहिसक्याने येते, पण टाकी मोठी असल्यामुळे खालच्या नळाला धार एकसारखी लागते. टाकी गाळाने भरून लहान झाली तर पंपाचा प्रत्येक हिसका नळाला जाणवेल. कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने आणि वयाने वाळत जातो, म्हणजे ही टाकीच लहान होत जाते. वीस वर्षांच्या अँपमध्ये १०० हर्ट्‌झची घूं हळूहळू वाढत आली असेल तर हेच कारण बहुधा निघते. सुटा भाग फारसा महाग नसतो.

पण हे काम घरी करू नये. टाकी पंप बंद केल्यावरही भरलेलीच राहते, तसा कपॅसिटरही प्लग काढल्यावर भरलेला राहू शकतो. जुन्या पद्धतीच्या, व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तर ३०० ते ५०० व्होल्ट साठलेले असतात. प्लग काढला आहे, आता भीती नाही, असे समजून हात घालणाऱ्यांनाच त्याचा तडाखा बसतो. अँपचे झाकण विद्यार्थ्यांनी उघडायचे नाही, आणि हौशी पालकांनीही नाही.

तिसरी पिन

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घरी गिटार शांत, पण सभागृहात मिक्सरला जोडली की घूं, असा अनुभव अनेकांना येतो. गिटारचा अँप रंगमंचावरच्या एका सॉकेटवर असतो, मिक्सर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर. दोन्हींना आपापली अर्थ आहे. मग दोघांना जोडणारी केबल टाकली की तिच्या जाळीमुळे अर्थ, केबल, पुन्हा अर्थ असे एक मोठे वर्तुळ पुरे होते. दोन टोकांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी त्या वर्तुळातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह फिरतो. गिटारचा आवाजच मुळात व्होल्टच्या काही दशांशांचा असल्यामुळे हा फरक सहज ऐकू येतो.

तिसरी पिन काढली की वर्तुळ तुटते, घूं थांबते, सगळे खूश होतात. पण ती पिन कशासाठी होती? आपल्याकडच्या प्लगमध्ये अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. अँपच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थमुळे मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. अर्थ नसेल तर फ्यूज उडत नाही. पत्रा २३० व्होल्टवर बसून राहतो. पत्र्याला केबलची जाळी जोडलेली, जाळीला गिटारच्या तारा जोडलेल्या. मुलाचा हात त्या तारांवर आहे. अँप वाजतोय, आवाज स्वच्छ आहे, कुणाला काही कळत नाही. मग गाण्यासाठी तो पुढे झुकतो आणि त्याचे ओठ अर्थला जोडलेल्या माइकला लागतात.

हे कल्पनेतले नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटलंडच्या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे प्रेक्षकांसमोर, रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेले. सदोष अर्थिंगचा माइक आणि हातातली गिटार, एवढेच निमित्त. यार्डबर्ड्‌सचे गायक कीथ रेल्फ १९७६ च्या मे महिन्यात स्वतःच्या घरी विजेवरची गिटार वाजवत असताना अर्थिंगच्या दोषामुळे मृत्यू पावले. दोघेही मुरलेले कलावंत होते.

वर्तुळ तोडायचेच असेल तर ते केबलच्या बाजूने तोडावे. सर्वांत सोपे म्हणजे अँप, मिक्सर, कीबोर्ड सर्व एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या अर्थिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डावरून चालवावे. गिटारचा अँप आणि शाळेच्या वर्गात वापरतात तसला मिक्सर यांचा मिळून भार एका पॉवर सॉकेटला जड नाही. मोठे स्पीकर आणि दिवे मात्र निराळे ठेवावेत. ते जमत नसेल तर साउंडवाल्याकडे 'डीआय बॉक्स' मागावा. त्याच्यावर 'ग्राउंड लिफ्ट' असे बटण असते. ते फक्त केबलच्या जाळीचा जोड सोडते. अँपची अर्थ जागच्या जागी राहते. हीच पिन काढण्याची गोष्ट आहे असे समजून कोणी गोंधळ करू नये. एकात आवाजाच्या केबलचा जोड सुटतो, दुसऱ्यात जिवाचा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. बोटीवर किंवा परदेशात नोकरीला असलेला काका-मामा भाच्यासाठी अँप घेऊन येतो. तो अमेरिकेचा असेल तर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि बाजारातल्या पुष्कळशा स्वस्त ट्रान्सफॉर्मरना दोनच भोके असतात. अमेरिकन प्लगची तिसरी गोल पिन त्यात बसत नाही, म्हणून वर आणखी एक अडॅप्टर चढतो. अर्थ वाटेतच हरवते. ६० हर्ट्‌झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो आणि अधिक गुणगुणतो, ते वेगळेच. तीन पिनांचा, अर्थ आरपार नेणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. भाच्याला भेट देणाऱ्याने तेवढा खर्च धरूनच अँप निवडावा.

सॉकेटला तीन भोके दिसली म्हणजे अर्थ असतेच असेही नाही. जुन्या घरांत, जुन्या शाळांच्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. भोकात टेस्टर घालून हे कळत नाही. वायरमनने मीटरने मोजायला हवे. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती ओलसर असते, पण एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून त्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो आणि वरून पाणी घालायची सोय असते. ते पाणी घालायचे कोणी, हे मात्र शाळेच्या कामाच्या यादीत क्वचितच लिहिलेले असते. खरे तर खड्ड्याचा आणि हमिंगचा संबंध थोडा आहे. खड्ड्याचा संबंध आहे तो मुलांच्या सुरक्षिततेशी.

यासाठी विश्वस्तांकडे आमची तीन कामांची मागणी आहे. स्नेहसंमेलनाच्या पंधरा दिवस आधी सभागृहाच्या प्रत्येक सॉकेटची अर्थ परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावी आणि आकडे वहीत लिहावेत. रंगमंचाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो, पण तो अर्थिंगच्या जागी वापरायचा नाही, अर्थिंगच्या जोडीला आहे. आणि बाहेरून येणाऱ्या साउंडवाल्याला ठरवतानाच सांगावे की एकही तुटक्या पिनेचा प्लग सभागृहात चालणार नाही.

अँप दुरुस्तीला नेण्याची वेळ आली तर त्याच्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. 'हमिंग येते' एवढेच सांगितले तर कारागीर सगळा अँप उघडून बसतो आणि बिल वाढते. चिठ्ठीत लिहावे: व्हॉल्यूम शून्यावर असताना घूं येते की नाही, गिटार काढल्यावर राहते की जाते, सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटशी जुळते की त्याच्या खाली आहे, दुसऱ्या घरी नेऊन पाहिले तेव्हा काय झाले, आणि अँप किती वर्षांचा आहे.